कृष्णाकाठचे गुरुजी लाहोरास

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी गुणवंत मुलामुलींची नामावली प्रसिद्ध होते आणि कोणास कोठे नोकरी लागली याचाही उल्लेख त्या नावांसमोर असतो. पूर्वी तेथे पुणे, मुंबई, फार तर बेळगाव वा हुबळी अशी ठिकाणे दिसत. अलीकडे केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांतील शिक्षकांच्या नेमणुकांमुळे लेह, चंबा, कुपवाडा अशी गावे त्या नामावलीत दिसू लागली आहेत. आनंदाची वार्ता म्हणून ती छापली जाते खरी; परंतु वार्षिक मेळाव्यात त्याच मुलीची आई आम्हांला बाजूला घेऊन विचारते, की तिकडे थंडी किती असते हो, भाकरी मिळते का, आणि आजारी पडली तर बघणार कोण? या प्रश्नांना आम्ही काय उत्तर देणार? पण हे प्रश्न आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठाला नवे नाहीत, एवढे मात्र आम्ही सांगू शकतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुरुंदवाड, मिरज आणि कोल्हापूर येथील काही घरांत ते याच शब्दांत विचारले गेले असतील. त्या घरांतील माणसे पंजाबात शिक्षक म्हणून आणि शिष्य म्हणून गेली. त्यांचा वृत्तांत या वर्षी वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

१९०१ हे वर्ष कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. त्या वर्षी १८ एप्रिल रोजी राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि वसतिगृहांची जी परंपरा पुढे या नगरीचे भूषण ठरली तिचा पाया घातला गेला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ५ मे १९०१ रोजी, येथून सुमारे दीड हजार मैलांवर लाहोर शहरी आणखी एक विद्यालय उघडले. त्याचे नाव गांधर्व महाविद्यालय. संस्थापक होते आपल्याच कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर, वय वर्षे अठ्ठावीस. खेड्यापाड्यांतील मुलास शिकण्यासाठी शहरात राहावयास जागा मिळावी, हा कोल्हापुरातील वसतिगृहाचा हेतू होता. लाहोरातही काही काळाने हाच प्रश्न उभा राहिला. फक्त तेथे राहावयास येणारी मुले मिरजेहून येणार होती.

विष्णुबुवांच्या उत्तरयात्रेचा अर्थ ध्यानी येण्यास त्यांच्या गुरूंची उत्तरयात्रा आधी पाहिली पाहिजे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे आपल्याच भागातले. ख्यालगायकी शिकावी तर ती उत्तरेकडे, आणि उत्तरेकडे म्हणजे ग्वाल्हेरीस, असा तो काळ होता. बुवा घर सोडून निघाले, ते प्रथम धार येथे देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहिले. तेथून विद्या अपुरी टाकून त्यांना बाहेर पडावे लागले, आणि पुष्कळ भटकंतीनंतर ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्या घरी त्यांना आश्रय मिळाला. वासुदेवबुवा हे हस्सूखाँ यांचे शिष्य. त्या काळी विद्यार्थी म्हणजे घरातला गडीच! पाणी भरावे, पाय चेपावे, गुरूची मर्जी असेल त्या दिवशी एखादी अस्ताई कानी पडावी, नसेल तर पडू नये. वेळापत्रक नाही, पुस्तक नाही, आणि विद्या संपादन झाली असे सांगणारे प्रमाणपत्रही नाही. अशा रीतीने मिळवलेली ग्वाल्हेर गायकी बुवांनी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत ते दरबारी गवई म्हणून राहिले.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. लहानपणी नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीत शोभेच्या दारूने मुलाच्या डोळ्यांस इजा झाली आणि शाळेचे शिक्षण थांबले. दृष्टी अधू, तेव्हा कानावर व गळ्यावर चालेल अशी विद्या द्यावी, या विचाराने त्यास मिरजेस बाळकृष्णबुवांच्या स्वाधीन करण्यात आले. मिरजेच्या अधिपतींचा त्यास आधार होता. १८९६ पर्यंत ते तेथे होते. पुढे मिरज सोडण्याचे जे कारण सांगितले जाते ते असे, की गावातील एका समारंभास सर्व प्रतिष्ठितांना निमंत्रण होते, राजाश्रयाखालील या तरुण शिष्यासही होते, पण त्याच्या गुरूस नव्हते. विचारता उत्तर मिळाले, की तो तर गवई! ही हकीकत अक्षरशः घडली असो वा नसो, त्या काळच्या समाजाची वृत्ती तीत नेमकी उतरली आहे. गाणे ऐकावयास सर्वांस हवे, गाणाऱ्यास पंगतीत बसवून घ्यावयास कोणी तयार नाही, अशी ती स्थिती होती. आपल्या मुलाने गाणे शिकावे असे म्हणणारा सद्‌गृहस्थ विरळा, आणि मुलीने शिकावे असे म्हणणारा जवळजवळ नव्हताच.

मिरजेतून निघून लाहोरास पोहोचेपर्यंत सुमारे पाच वर्षे गेली. औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा तो प्रवास झाला. वाटेत काठेवाडात त्यांनी एक गोष्ट केली, ती त्या काळी अनेकांस अब्रह्मण्य वाटली असेल: संस्थानिकाच्या बिदागीची वाट न पाहता तिकीट लावून जाहीर गायन केले. ज्यास ऐकावयाचे त्याने मोल द्यावे व आसनावर बसून ऐकावे. गवयाने कोणाच्या दिवाणखान्याबाहेर तिष्ठू नये. गिरनारवर एका सत्पुरुषाने त्यांस पंजाबात जाण्याचा आदेश दिला, अशी आख्यायिका आहे. आम्हांला त्या आख्यायिकेपेक्षा मथुरेतील मुक्काम अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे ते हिंदी व ब्रज भाषा शिकले. आपली विद्या कितीही थोर असली तरी ज्यांस ती द्यावयाची त्यांच्या भाषेत आधी आपण विद्यार्थी व्हावे लागते, हे या तरुणाने ओळखले होते. आजही उत्तरेस जाणाऱ्या आपल्या शिक्षकांपैकी जे पहिल्या वर्षी स्थानिक बोली कानावर घेतात तेच तेथे टिकतात, असा आमचा अनुभव आहे.

आता लाहोरच का? बडोद्यास वा ग्वाल्हेरीस आश्रय मिळता, मराठी बोलणारा समाज मिळता, घरचे जेवणही मिळते. परंतु तेथे दरबार होता, आणि दरबार सोडूनच तर ते निघाले होते. लाहोर हे त्या वेळी इंग्रजी प्रांताच्या राजधानीचे शहर होते. पंजाब विद्यापीठ १८८२ सालचे, ट्रिब्यून वृत्तपत्र त्याच्याही एक वर्ष आधीचे, दयानंद अँग्लो-वैदिक शाळा १८८६ ची. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, कचेरीतले अधिकारी असा नवशिक्षित वर्ग तेथे तयार झाला होता. सभा भरवाव्या, वर्गणी गोळा करावी, संस्था काढावी, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. सार्वजनिक पैशावर चालणारे गायनाचे विद्यालय रुजेल तर अशाच भूमीत रुजेल. गुरुद्वारांतील कीर्तनामुळे भक्तिसंगीताचा आदरही त्या प्रांतात होता. मात्र गाणे हा प्रतिष्ठित घरातील मुलांनी शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना तेथेही नवीच होती. म्हणून विद्यालय उघडले, पाटी लागली, तंबोरे जुळले, आणि विद्यार्थी येईनात! प्रारंभीच्या त्या दिवसांत बुवा ठरलेल्या वेळी वर्गात बसून एकटेच गात, असे सांगतात. वेळ झाली की वर्ग भरला, मग समोर कोणी असो वा नसो.

त्या एकटेपणाचा विचार करताना आमचे मन तेथे थोडे थांबते. मे महिन्याचे लाहोर म्हणजे अंग भाजून काढणारी लू. आणि पौषात तेच शहर असे गारठते की कृष्णाकाठच्या माणसाची बोटे तंबोऱ्याच्या तारेवर फिरू नयेत. आवाजावर जगणाऱ्या माणसास हा बदल साधा नव्हे. ज्वारीची भाकरी नाही, सणावारी आपल्या रीतीचे काही नाही, दृष्टी अधू, आणि भाषा पोथीतली हिंदी नव्हे तर पंजाबी व उर्दू. बरे, गावाकडे सांगावे असे यशही अद्याप नाही.

हळूहळू मुले येऊ लागली. बुवांची शिकवण्याची रीत तेव्हाच्या गवयांस चमत्कारिक वाटली असेल. एका वेळी अनेकांस शिकवावयाचे, ठरल्या वेळी वर्ग घ्यावयाचा, ठरावीक क्रमाने राग द्यावयाचे, परीक्षा घ्यावयाची. स्वर लिहून दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःची लेखनपद्धती बसवली व ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ अशी क्रमिक पुस्तके काढली. जी चीज शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करून मिळवावी ती आता काही आण्यांच्या पुस्तकात छापून मिळू लागली. जुन्या मंडळींनी यास विद्येची विटंबना म्हटले. वर्गात बसून गवई होत नाही, हा त्यांचा आक्षेप पुष्कळसा खराही होता. पण घरोघरी गाणे समजणारा श्रोता निर्माण व्हावा, हा बुवांचा पहिला हेतू होता. गवई त्यांतून निपजतील तेवढे निपजतील, असा त्यांचा हिशेब असावा.

मात्र शिकवणारे कोठून आणावयाचे? एक माणूस किती शहरे सांभाळणार? या अडचणीतून ‘उपदेशक वर्ग’ निघाला. त्याचा नियम असा, की पालकांनी मुलास नऊ वर्षांच्या करारावर विद्यालयाच्या स्वाधीन करावे. राहणे, जेवण, कपडा यांचा भार विद्यालयाने उचलावा, आणि तयार झालेल्या विद्यार्थ्याने पुढे शिक्षक म्हणून काम करावे. नऊ वर्षे! आपल्यापैकी किती घरे आज अशा कागदावर सही करतील? तरीही त्या सह्या झाल्या.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन यांचा जन्म १८९८ चा. प्रथम चुलते केशवराव यांच्याकडे त्यांचे गाणे सुरू झाले होते. १९०७ साली त्यांना लाहोरास पाठवण्यात आले आणि मिरजेच्या अधिपतींनी त्यासाठी दरमहा सोळा रुपयांची शिष्यवृत्ती दिली. मुलाचे वय नऊ! मिरजेहून मीटरगेज गाडीने पुणे, तेथे उतरून मोठ्या गाडीत सामान चढवावयाचे, कल्याणहून भुसावळ, इटारसी, झाशी, आग्रा, दिल्ली असे मजल दरमजल करीत शेवटी लाहोर. पत्र जावयास व उत्तर यावयास किती दिवस लागत असतील, हे वाचकांनीच मनाशी मोजावे. ते दिवसही निर्धास्त नव्हते. पंजाबात प्लेगाने त्या दशकात भयंकर बळी घेतले, आपल्याकडेही त्याचे थैमान होऊन गेलेच होते. आणि ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्यास जो भूकंप झाला त्याचे धक्के लाहोरासही बसून तेथील इमारतींना तडे गेले होते. हे सर्व ठाऊक असून दोनच वर्षांनी ते मूल धाडले गेले. आम्ही या निर्णयाची निव्वळ स्तुती करू शकत नाही. नऊ वर्षांच्या लेकरास आपल्या संमतीचा अर्थ काय कळणार? आणि पोसण्याचा भार हलका होतो म्हणूनही काही घरांतून मुले गेली असतील. कोल्हापूरच्या वसतिगृहांतही तशी आली. पण पूर्वीच्या शिष्याहून या मुलाची स्थिती एका बाबतीत निश्चित बरी होती. बाळकृष्णबुवा धारेस गेले तेव्हा विद्या मिळेल की नाही, किती दिवसांत मिळेल, हे केवळ गुरूच्या लहरीवर होते. विनायकरावांस निदान मुदत ठाऊक होती, वर्ग ठाऊक होता, आणि आपण कशासाठी तयार होत आहो हेही ठाऊक होते.

दोन पिढ्यांतील हा फरक आम्हांला मोठा वाटतो. गुरू उत्तरेस गेला तो विद्या मागावयास, शिष्य गेला तो ती द्यावयास. मधल्या काळात विद्येचे रूपच पालटले. दूरदेशी परक्या लोकांस शिकवण्याची पाळी आली म्हणूनच तर वेळापत्रक, पुस्तक, लेखनपद्धती, करार या गोष्टी आवश्यक झाल्या. मिरजेतच राहते तर विष्णुबुवांनी आपल्या गुरूसारखेच दोन-चार शिष्य घरी ठेवून शिकवले असते, असा आमचा तर्क आहे.

येथे एक उणी बाजूही नमूद केली पाहिजे. केवळ गौरवाचा लेख लिहिणे आमच्या स्वभावात नाही. प्रतिष्ठित घरांची दारे उघडावी म्हणून बुवांनी चिजांतील शृंगाराचे शब्द बदलून भक्तिपर शब्द घातले, विद्यालयात प्रार्थना व शिस्त आणली. त्याचा उपयोग झाला. पण ज्या मुसलमान उस्तादांनी व ज्या गायिकांनी ही विद्या शतकानुशतके जतन केली, त्यांना या नव्या सभ्य व्यवस्थेत फारसे स्थान उरले नाही. बुवांची स्वतःची परंपरा हस्सूखाँपर्यंत पोहोचते, हे विसरून चालणार नाही. आणि आपण कोल्हापूरकरांनी तर ते मुळीच विसरू नये. विष्णुबुवांनी मिरज सोडली त्याच्या आदल्याच वर्षी, १८९५ साली, राजपुतान्यातील उणियाऱ्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू छत्रपतींच्या पदरी कोल्हापुरास आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, येथे राहिले. म्हणजे एक गुरू येथून उत्तरेस निघाला आणि दुसरा उत्तरेहून येथे येऊन स्थिरावला! त्यांनाही येथील भाषा परकी, पाणी परके, जेवण परके होते. १९२२ मध्येच पंजाबकडचे डॉ. बाळकृष्ण गुरुकुल कांगडीतील अध्यापनानंतर आपल्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले व येथेच राहून त्यांनी शिवछत्रपतींचे इंग्रजी चरित्र सिद्ध केले. तिकडच्या एखाद्या घरात त्यांच्याविषयीही ‘दक्षिणेत इतक्या दूर?’ असा प्रश्न निघाला असेलच.

१९०८ साली विष्णुबुवांनी मुंबईस शाखा काढली आणि कार्याचे केंद्र तिकडे सरकले. लाहोरचे विद्यालय शिष्यांच्या हाती चालू राहिले. ओंकारनाथ ठाकुर यांनीही तरुण वयात त्याची धुरा वाहिली. मुंबईच्या काळात कोल्हापूरचा संबंध अधिक जवळचा झाला, कारण येथील व्यासांच्या घरचे दोघे बंधू, शंकरराव (जन्म १८९८) व नारायणराव (जन्म १९०२), त्यांच्या शिष्यवर्गात दाखल झाले. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका पुढे घरोघरी वाजल्या, आणि शंकररावांचे नाव १९४३ सालच्या ‘रामराज्य’ चित्रपटाच्या संगीतामुळे सर्वतोमुखी झाले. मुंबईची इमारत मात्र कर्जापायी गेली. जाहीर गायनाच्या उत्पन्नावर शेकडो ताटे वाढणाऱ्या संस्थेची जमाखर्चाची वही कशी असेल, हे आपल्या संस्थेच्या खजिनदारांस सांगावयास नको. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस बुवांचे देहावसान झाले. ज्या गावातून ते मानासाठी बाहेर पडले होते तेथेच त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले.

नऊ वर्षांच्या कराराचे फळ कोठे कोठे दिसले? गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा बुवांनी नारायण मोरेश्वर खरे यांस पाठवले; ‘आश्रम भजनावली’चे संकलन त्यांचे. विष्णू अण्णा कशाळकर प्रयागास गेले व तेथील संगीत समितीच्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले. विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत दहा वर्षे गाजून १९३२ साली रंगभूमी सोडून पुन्हा शिक्षक झाले. पुण्याचे गांधर्व महाविद्यालय त्यांचे. ८ मे या दिवशी त्यांनी ते उघडले. लाहोरचे विद्यालय ५ मेला उघडले होते. नऊ वर्षांचे असताना त्याच्या दारात उभे राहिलेल्या मुलाने आपला मुहूर्त त्याच्याजवळचाच निवडावा, याचे आम्हांस कौतुक वाटते. इतर परंपरांतील मराठी मंडळीही याच वाटेने गेली. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजची जबाबदारी दीर्घकाळ सांभाळली.

१९४७ साली फाळणी झाली आणि लाहोर परदेशात गेले. ज्या शहरात हे सारे सुरू झाले तेथे जाण्यास आता पारपत्र लागते.

बुवांचे आणखी एक शिष्य शंकर श्रीपाद बोडस हे १९२६ साली गुरूच्या सांगण्यावरून कानपुरास गेले. कापडगिरण्यांचे व चामड्याच्या कारखान्यांचे ते शहर. शास्त्रोक्त गाण्याची तेथे फारशी चाहूल नव्हती. ते वर्ष-दोन वर्षांसाठी गेले नव्हते. तेथेच त्यांचा संसार झाला आणि तेथेच पिढी वाढली. पुत्र काशीनाथ गायक व शिक्षक झाले. १९४८ साली त्या घरात एक कन्या जन्मली. तिचे बालपण हिंदी बोलणाऱ्या शेजारात गेले, पण घरात मराठी व ग्वाल्हेरची गायकी दोन्ही टिकली होती. विवाहानंतरचे नाव वीणा सहस्रबुद्धे. १९८४ मध्ये त्या पुण्यास आल्या आणि तेथील एसएनडीटी महाविद्यालयात त्यांनी कंठसंगीताचा विभाग सांभाळला. ग्वाल्हेरीहून मिरजेस, मिरजेहून लाहोरास व कानपुरास गेलेले गाणे अशा रीतीने कानपूरच्या मुलीने पुण्याच्या वर्गात आणून बसवले.